जाड दंडाचा पट्टा

बापाला बीपी होतं आणि आम्हाला बाप होता. अकरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या डॉक्टरने एकदाच मोजलं, एकशे ऐंशी निघालं. तेव्हापासून त्याने काहीही फोडलं, ताट, आरसा, माझा पुढचा दात, की आई कुजबुजायची, "उलट बोलू नकोस गं. ते नाही मारत, त्यांचं दुखणं मारतं." गोळी मात्र त्याने कधी तोंडात टाकली नाही. गोळीने हातातला जोर जातो म्हणे. भट्टीवर घण मारणारा माणूस, दंड माझ्या मांडीएवढा.

त्या सकाळी सदरा ओला राहिला म्हणून त्याने आईचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मी मध्ये पडले तर माझ्या पोटात लाथ बसली. आईच्या नाकातून घळाघळा रक्त यायला लागलं. दोन टॉवेल भिजले तरी थांबेना, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. तोही मागोमाग आला. काळजीने नव्हे, ती काय बोलते ते ऐकायला.

"पडली," त्याने आल्या आल्या सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या. त्यांनी आईला पुढे वाकवून बसवलं, मला तिचं नाक चिमटीत धरायला लावलं आणि तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. दोनशे दहा. दुसऱ्या दंडावर मोजलं, दोनशे आठ.

"बीपी कधीपासून आहे तुम्हाला?"

"मला नाही हो, यांना आहे," आई म्हणाली.

बापाला ते कौतुक सहन होईना. त्याने तिच्या दंडावरचा पट्टा ओरबाडून स्वतःच्या दंडाला लावला आणि यंत्राचं बटण दाबलं. पट्टा जेमतेम चिकटला. आकडा एकशे शहात्तर. "बघा!" तो पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा ओरडला.

बाईंनी खणातून दुसरा, रुंद पट्टा काढला. त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं. एकशे सव्वीस. पुन्हा मोजलं, एकशे चोवीस.

"लहान पट्टा जाड दंडावर लावला की आकडा फुगतो," त्या म्हणाल्या. "आणि एकदाच मोजून कुणाला आजारी ठरवायचं नसतं. तुम्हाला बीपी नाही. यांना आहे, आणि ते आजचं वाटत नाही. असंच राहिलं तर डोक्यातली शीर फुटेल. आत्ता गोळी देते, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवते."

"काही नको. घरी चल," बाप उठला आणि त्याने आईची वेणी मनगटाला गुंडाळली. बाई मध्ये आल्या, त्यांना त्याने औषधांच्या कपाटावर ढकललं. काचेचा चुरा झाला. मी त्याच्या हाताला चावले, तर त्याने मला कोपराने भिंतीवर फेकलं.

आई हलली नाही. रक्ताने माखलेल्या तोंडाने तिने विचारलं, "अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही शुद्धीत मारत होतात?"

उत्तर द्यायला त्याने हात उगारला.

तिने शेजारचा स्टीलचा ट्रे उचलला आणि काठाने त्याच्या भुवईवर हाणला. कातडी फाटली. वेणी सुटली, तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा हाणला. मग पुन्हा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिला आवरायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

बाईंनीच तिचा हात धरला. "पुरे. तुमची शीर फुटेल."

आई धापा टाकत खुर्चीत बसली. "गोळी द्या," ती म्हणाली. "रोज घेईन. आता मला जगायचंय."

"रक्त येतंय माझं," बाप जमिनीवरून कण्हला.

"नाक दाबून धरा, पुढे वाका," बाईंनी त्याला सांगितलं, आणि त्याला ओलांडून आईसाठी पाणी आणायला गेल्या.