फितीमागचं दार

टाळेबंदीमुळे लांबलेलं नातीचं लग्न ज्या हिवाळ्यात एकदाचं लागलं, त्याच हिवाळ्यात बयाबाईची जुईनगरच्या पुलाखालची झोपडी उठली. नातीचा नवराही त्याच पुलाखालचा. वरात त्याच्या झोपडीपाशी आली तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या बहिणीनं दार अडवलं. दार नव्हतंच, म्हणून पोरगी गोणपाट आडवं धरून उभी राहिली. "तुला मुलगी झाली तर माझ्या पोराला देशील? बोल, मगच आत!" भाऊ हो म्हणाला तेव्हा गोणपाट सरलं. बयाबाईचा म्हातारा कोंडिबा हसता हसता खोकला. "दाराचा पत्ता न्हाई, अन् अडवायची हौस बघा!"

कोंडिबाच्या छातीत खाणीची धूळ बसली होती. त्यानं फोडलेल्या खडीवर सानपाड्याचे टॉवर उभे राहिले, आणि टॉवरातल्या लोकांना आता त्याचा खोकला सहन होईना. पुलाखालच्या वस्तीनं म्हणे परिसराची शोभा जात होती. भटक्या कुत्र्यांना दोन वेळा बिस्किटं घालणारी दयाळू माणसं ती. माणसांसाठी त्यांनी तक्रार घातली.

मग 'सुखनिवारा' संस्थेच्या श्रुती मॅडम आल्या. "आजी, नेरूळला बिल्डिंग रेडी आहे. जोडप्याला वेगळी खोली. पंखा, पलंग, सगळं. टेन्शनच नाही."

बयाबाईला पंखा नको होता. म्हाताऱ्याला गार वारा लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला चार भिंती हव्या होत्या. तिनं स्वतःच्या हातानं ताडपत्री सोडली.

टेम्पोतून सगळे नेरूळला उतरले. इमारत गुळगुळीत, गुलाबी. दारावर झेंडूचं तोरण आणि दाराला आडवी लाल फीत.

"पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन आहे," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत येतील. तोवर इथं अंगणात बसा हं."

संध्याकाळी पाहुण्यांना दुसरीकडे पुतळ्याला हार घालायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला. तिसऱ्या दिवशी काय बसलं ते कुणी सांगितलं नाही. पुलाखाली निदान डोक्यावर सिमेंट होतं. इथं गोधडीवर दव पडायचं. मॅडम फोनवरून धीर देत होत्या, त्यांच्या सोसायटीतून.

वॉचमन रणजीत बाकावर मफलर गुंडाळून बसलेला. एकदा तोच म्हणाला, "मावशी, वाकून जा ना खालनं. मी काय बघत नाय."

"वाकून? चोर हाये का मी?" बयाबाई कडाडली. "दार अडीवलंय. ज्यानं अडीवलं त्याचं मन राखल्याबिगर उंबरा वलांडू न्हाई. घर लाभत न्हाई."

"नणंद कुठं ऱ्हायली मग?" गोधडीतून कोंडिबा म्हणाला. "नवरीला दम लागलाय म्हनावं."

सगळे हसले. बयाबाईही हसली. ती रीत तिला आईनं शिकवली होती, आणि ती मोडायची नाही, एवढंच तिला कळत होतं. फीत बांधणाऱ्यांना कसली रीत आणि कसली नणंद!

त्यानंतरच्या पहाटे गोधडीतून काही बोलणं आलं नाही. बयाबाईनं हाक मारली, हलवलं, छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बोचक्यातून विळी काढली आणि फीत कापली. दार ढकललं. ते उघडलं. कुलूप कधी लावलंच नव्हतं. एका फितीनं सगळी वस्ती बाहेर ठेवली होती, आणि त्यात बयाबाईचा स्वतःचाही हात होता.

रणजीतनं आणि दोघा-तिघांनी कोंडिबाला आत नेलं. पलंगावर कोरी गादी होती, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

नेमके त्याच सकाळी पाहुणे निघाले. मॅडम आधी पोहोचल्या, हातात दारापेक्षा मोठी थर्माकोलची किल्ली. कापलेली फीत बघून त्यांचा चेहरा पडला. आत डोकावल्यावर आणखी पडला.

"अरेरे. आजी, फार वाईट झालं. पण गाडी सिग्नलपर्यंत आलीय हो. बॉडी मागच्या दारानं... तासभरच. नवी फीत बांधते मी."

बयाबाईनं तुटक्या फितीची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"आता दार मी अडीवलंय, बाई. माजा मानूस ह्या घराचा धनी. तो फुडच्या दारानं, वाजतगाजत जाईल. मग तुमचं पाव्हनं."

"असं काय करता?"

"रीत हाय."

मॅडमनी रणजीतकडे बघितलं. रणजीत मफलर सोडून डोक्याचा रुमाल सारखा करत होता, खांदा द्यायला.

पाहुण्यांची गाडी फाटकाशी थांबली, काच अर्धी खाली आली, वर गेली, आणि गाडी वळली. किल्ली कुंपणाला टेकून राहिली; दुपारी शेळीनं तिचा दांडा खाल्ला. कोंडिबा पुढच्या दारानं गेला. त्याच्यामागं लोक खोल्यांत शिरले; कुणी अडवलं नाही.

त्या साली भोगीच्या दिवशी, उजाडता उजाडता, निवाऱ्याच्या अंगणात कोंडिबा वारला होता.