हेडमास्तरला टाळी नको

माझ्या आजोबांना एकतीस वर्षांत कुणी एकदाही टाळी वाजवली नाही. हे मी रडत नाही सांगत, कॉलर ताठ करून सांगतेय.

वॉल्टर टॅटरसॉल म्हटलं तर आमच्या या गिरणीच्या गावात, पॅडिहममध्येसुद्धा लोक विचारतील, कोण? 'हेडमास्तर' म्हणा, लगेच शिव्या सुरू. काळा झगा, हातात वेताची छडी, नाकाच्या टोकावर चष्मा. आजोबा रिंगमध्ये चढले की आधी कुस्ती नाही, आधी शिस्त. "तिसऱ्या रांगेतला लाल मफलर! तोंडातलं थुंक. ताठ बस. हात गुडघ्यांवर!" गिरणीत आठवडाभर राबून आलेली दोन हजार माणसं अशी हुर्यो उडवायची की टाउन हॉलच्या खिडक्या थरथरायच्या. मग पंचाची पाठ वळली की आजोबा खिशातून खडूची पूड काढून समोरच्याच्या डोळ्यांत टाकायचे. टीव्हीवरसुद्धा. शनिवारी दुपारी, सगळ्या देशासमोर.

गंमत म्हणजे स्वतः आजोबांनी शाळा चौदाव्या वर्षी सोडली. मी सोळाव्या. म्हणजे मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षं जास्त शिकलेय. हे मी त्यांना अधूनमधून ऐकवते.

मी नऊ वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, "आजोबा, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असायचं ना?" आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "मीठ दे." तेव्हापासून तो विषय बंद.

तर झालं असं, की गिरणीकामगारांच्या वीव्हर्स क्लबकडून पत्र आलं. आजोबा चष्मा लावून ते वाचत होते आणि त्यांचा चहा गार होत होता. आजोबांचा चहा गार होतोय म्हणजे कुणीतरी गेलं, असं मी धरून चालते.

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," आजोबा म्हणाले. "रविवारी मला मारणार आहेत."

मी पत्र ओढून घेतलं. सेक्रेटरी हर्बर्ट स्लॅटरने लिहिलं होतं: रविवारी दुपारी नेहमीचा बिंगो झाला की 'हेडमास्तर: आमच्या आठवणी' असा कार्यक्रम. जुने चाहते आठवणी सांगतील. मग भिंतीवर फोटो लागेल आणि सर्व सभासद उभे राहून टाळ्यांच्या गजरात मानवंदना देतील.

"मस्तच की!"

"मस्त?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. चमचा उडाला. "शेली, तो सोनेरी टेरी आठवतो तुला?"

"कोण?"

"बघ. गोरागोमटा, सोनेरी चड्डी, बायका जीव टाकायच्या. दर शनिवारी टाळ्याच टाळ्या. चाळीस वेळा लढलो मी त्याच्याशी, आणि आज मलाही त्याचं आडनाव आठवत नाही. टाळी काय, सर्कशीतल्या सीलमाशालाही मिळते. हुर्यो कमवावी लागते. एकतीस वर्षं, पोरी! एक टाळी नाही! आणि आता फुकटात माझ्या अंगावर ओतणार."

"मग जाऊ नका."

"एनिड क्रॅबट्री येणार आहे."

मग प्रश्नच मिटला. क्रॅबट्रीबाईंनी १९६९ साली रिंगच्या दोरांमधून हात घालून आजोबांना छत्री हाणली होती. छत्रीची काडी वाकली, आजोबांच्या कपाळाला तीन टाके पडले. ती खूण ते अजून पाहुण्यांना दाखवतात. ते गेले नाहीत तर बाई म्हणणार, घाबरला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "हुर्योची व्यवस्था मी करते."

मला वाटलं, केवढंसं काम. चार लोकांना गाठायचं, 'रविवारी टाळ्या नकोत, बोंब मारा' म्हणून सांगायचं, संपलं.

पहिला गाठला तो मासे-चिप्स तळणाऱ्या दुकानातला डेनिस. रांग दारापर्यंत होती, तरी त्याला सांगितलं. त्याने झारा हवेत धरला आणि डोळे मिटले.

"माझा बाप कोळशाच्या खाणीत होता," डेनिस म्हणाला. "कुणाच्या बापाला घाबरायचा नाही. पण तुझे आजोबा त्याच्याकडे छडी रोखून म्हणाले, 'हात गुडघ्यांवर,' आणि शप्पथ सांगतो, बापाने ठेवले! घरी येईपर्यंत आई हसत होती."

"मग रविवारी हुर्यो उडवशील ना?"

"छे गं! त्यांचे गुडघे गेलेत बिचाऱ्यांचे. मी तर सगळ्यांत जोरात वाजवणार."

मागची बाई म्हणाली, तिच्या मावशीने त्यांच्यावर सोललेलं संत्रं फेकलं होतं, किती गोड दिवस होते ते. तिच्या मागचा म्हातारा म्हणाला, त्याने त्यांच्या मोटारीच्या चाकातली हवा सोडली होती आणि आता त्याला फार वाईट वाटतं. रांगभर हेच. आठवणी एकसे एक खुनशी, आणि सांगताना तोंडावर असा भाव, जणू मांजराचं पिल्लू मांडीवर घेतलंय.

माझं डोकं फिरलं. "अरे, ते तुमचे शत्रू आहेत!" मी ओरडले. "तुमच्या टेरीच्या डोळ्यांत खडू टाकलाय त्यांनी! जरा तरी लाज बाळगा!"

"तुझे चिप्स घे, बाळा," डेनिस म्हणाला. "व्हिनेगर घालू?"

मग मी थेट क्रॅबट्रीबाईंकडे गेले. वय चौऱ्याऐंशी, उंची माझ्या खांद्यापर्यंत, नजर अशी की दूधवाला बाटल्या ठेवून पळतो. म्हटलं, ही तरी डगमगणार नाही. बाईंनी मला बसवलं, आल्याचा केक दिला आणि कपाटातून ती छत्री काढली. काळी, एक काडी अजून वाकडी.

"दुरुस्त नाही केली?"

"दुरुस्त? बाळंतपणानंतर माझ्या हातून झालेलं सगळ्यांत मोठं काम आहे ते." बाईंनी छत्रीवरून हात फिरवला. "माझा नवरा हॅरॉल्ड गेला त्या वर्षी मी घराबाहेर पडायचेच नाही. फक्त सोमवारी टाउन हॉलमधल्या कुस्तीला जायचे, तुझ्या आजोबांना शिव्या द्यायला. दोन तास घसा फोडून घरी आले की झोप लागायची. असला नालायक माणूस पुन्हा होणे नाही." त्यांनी नाक पुसलं. "रविवारी सगळ्यांत आधी मी उभी राहणार. पहिली टाळी माझी."

मी केक अर्धा टाकून उठले. अर्धा म्हणजे खिशात टाकून.

घरी आजोबांना सगळं सांगितलं. एनिडची पहिली टाळी ऐकल्यावर त्यांचा चेहरा १९६९ मध्ये पडला नसेल तेवढा पडला.

रविवारी आम्ही क्लबमध्ये पोचलो तेव्हा सगळ्यात पुढचं टेबल आमच्यासाठी राखून ठेवलं होतं. झेंडूच्या रंगाची कागदी झालर लावलेला फोटो भिंतीपाशी चादरीखाली. खाली एका टेबलावर आठवणींचं प्रदर्शन: जुनी पोस्टरं, संत्रंवाल्या मावशीचा फोटो आणि मधोमध क्रॅबट्रीबाईंची छत्री, उशीवर. लोक येऊन आजोबांच्या खांद्यावर थोपटत होते. "कसं काय, वॉल्टर? शाल देऊ का पायांवर?" आजोबा दात आवळून बसले होते. दात स्वतःचे नव्हते, पण आवळले होते.

मग बिंगो सुरू झाला. आमच्याकडे चर्चमध्ये लोक खोकतात, बिंगोत नाही. हर्बर्ट स्टेजवरून आकडे त्यांच्या टोपणनावांसकट पुकारत होता, दीडशे माणसं श्वास धरून तिकिटांवर खुणा करत होती. पूर्ण तिकीट भरलं की 'हाउस' ओरडायचं. बक्षीस होतं मटणाची तंगडी, सॉसेजं आणि डुकराचं रक्त भरलेलं हाताएवढं काळं पुडिंग, सगळं एका ट्रेमध्ये रचलेलं.

"दोन जाड्या बायका, अठ्ठ्याऐंशी!"

तेवढ्यात मागे एका म्हाताऱ्याचं कानातलं यंत्र शिटी मारायला लागलं. दीडशे माना वळल्या. मी त्या नजरा बघितल्या, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. चिप्सच्या रांगेतले तेच मऊ मऊ चेहरे, संत्रंवालीची भाची, हवा सोडणारा, डेनिस, सगळे त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला कच्चं खायला तयार होते.

मी आजोबांच्या कानाशी गेले. "हाउस ओरडा."

"माझे तीनच आकडे आलेत."

"म्हणूनच."

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चची दानपेटी फोडू म्हणाले. "बिंगोमध्ये? शेली, मी खलनायक आहे, राक्षस नाही."

"लोक 'हाउस' ऐकलं की काय करतात?"

"तिकीट चुरगाळून फेकतात." त्यांनी तिकीट माझ्यापासून लांब सरकवलं. "अगं, नको. कुणाचा एकच आकडा राहिला असेल."

"क्रॅबट्रीबाईंचा राहिलाय. इथून दिसतंय मला. बघा, पेन कसं धरलंय."

आजोबांनी बघितलं. नेमक्या त्याच क्षणी बाईंनी मान वर केली. आजोबांना बघून त्या हसल्या. गोड हसल्या, आणि लांबूनच दोन्ही तळवे एकमेकांजवळ आणून दाखवले: थोडा धीर धर, आता वाजवतेच.

आजोबा उभे राहिले. गुडघे कडकड वाजले.

"हाउस!"

सगळ्या हॉलमधून एक सुस्कारा निघाला आणि तिकिटं चुरगाळल्याचा आवाज आला. बाईंनी आपलं तिकीट बोळा करून टेबलाखाली फेकलं. हर्बर्ट हसत हसत खाली आला. "वा! पाहुण्यांनाच लागलं!" त्याने आजोबांचं तिकीट उचललं, बघितलं, उलटं करून बघितलं.

"वॉल्टर, यात तर तीनच..."

"मी हाउस म्हणालो म्हणजे हाउस," आजोबा म्हणाले. आवाज तोच. मी जन्मात ऐकला नव्हता, तरी ओळखला. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि हर्बर्टच्या हातातली आकडे दाखवायची काठी काढून घेतली. "काय गोंगाट चाललाय? तिसरं टेबल! तोंडातलं थुंक! सगळे ताठ बसा. हात गुडघ्यांवर!" आणि मटणाचा ट्रे काखेत मारला.

डेनिसचे हात खरंच गुडघ्यांवर गेले, मी बघितले.

मग फुटलं. हूऽऽऽ! असली हुर्यो मी कधी ऐकली नव्हती. टेबलं बडवत होते, पाय आपटत होते. "चोर!" "माझे दोनच राहिले होते रे, भामट्या!" "बाहेर काढा त्याला!" निम्मे टेबलाखाली रांगत आपापले बोळे शोधत होते. एक सॉसेज हवेतून गेलं. संत्रंवालीच्या भाचीजवळ संत्रं नव्हतं, तिने पाव फेकला, नेम मावशीसारखाच.

आणि गर्दीतून क्रॅबट्रीबाई आल्या. वाटेत त्यांनी उशीवरून छत्री उचलली.

"एकच आकडा, वॉल्टर टॅटरसॉल! एकच!"

छत्री खांद्यावर बसली. तशी हळूच बसली, खरं सांगते. पण आजोबा असे कोलमडले, की काय सांगू! आधी एक गुडघा, मग दुसरा, डोळे पांढरे, एक हात हवेत, पंचाला शोधतोय असा. मी धावले. "आजोबा!" जवळ गेले तर त्यांनी डोळा मारला.

"उचल मला," ते पुटपुटले. "खरंच उठता येत नाहीये."

मी आणि डेनिसने त्यांना धरून दाराकडे नेलं. ट्रे हर्बर्टने हिसकावून घेतला होता. हुर्यो दारापर्यंत आली, दाराबाहेर आली, पार्किंगपर्यंत आली. मध्येच डेनिसचे डोळे भरून आले आणि त्याने आजोबांना सोडून दोन्ही हात वर उचलले. टाळीच वाजवणार होता मूर्ख. मी त्याच्या पायावर टाच दाबली. तो "आईऽऽ" म्हणाला, ते हुर्योत बेमालूम मिसळलं.

तेव्हा मी मागे वळून बघितलं. दारात क्रॅबट्रीबाई उभ्या होत्या, छत्री काखेत, तोंडाने सगळ्यांच्या वरताण बोंबलत. आणि खाली, पोटाशी, कुणाला दिसणार नाही असे त्यांचे तळवे एकमेकांवर पडले. एकदा. दोनदा. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी माझ्यावर असे डोळे वटारले की मी पुढे बघायला लागले.

बुधवारी कमिटीचं पत्र आलं: गैरवर्तनाबद्दल एक महिना क्लबबंदी. आजोबांनी ते काचेत लावून घेतलं, चुलीच्या वरती, आजीच्या फोटोशेजारी. त्याच पत्रात खाली हर्बर्टने पेनाने लिहिलं होतं की मटण शेवटी एनिडलाच लागलं, बोळा सापडला.

संध्याकाळी चहा गरम असतानाच आजोबांनी कप खाली ठेवला.

"शेली. खरं सांग. त्या गोंधळात एखादी टाळी ऐकलीस का? चुकून, कुणाची?"

मी त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"एकही नाही."

त्यांनाही अशी थाप ओळखता येते. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय?

"मीठ दे," आजोबा म्हणाले, आणि चहात घालायचं नसतानाही मी ते दिलं.