दुसरं मडकं

त्या लंबगोलात तिचा डावा डोळा अर्धवट मिटलेला होता. ओठ हसत होते – म्हणजे "हसा" म्हटल्यावर उशिरानं हसलेले – आणि मागची माणसं, केक, कुणाच्या तरी खांद्यावरचं बाळ, सगळं पुसून तिथे फिकट निळं आभाळ भरलेलं. चिनीमातीवर भाजलेला, सोनेरी किनारीचा, थडग्यावर बसवायचा फोटो. तिचा स्वतःचा. दोनातेल्लानं मोबाईल उन्हातून सावलीत धरला आणि पुन्हा पाहिला. डोळा मिटलेलाच. खाली नणंदेनं, मिरेल्लानं, लिहिलं होतं: 'किती गोड आलीयेस बघ! आमच्या एल्वियोच्या शेजारी शोभून दिसेल. नावं कोरायला तो माणूस आजच बसतोय. जन्मसाल त्रेसष्टच ना? लगेच कळव.'

जन्मसाल विचारते आहे. दुसरं साल कुठलं घालायचं तेही विचारून घ्यायचं होतं, म्हणजे एकदाचं सगळंच उरकलं असतं...

"बाई, निघायचं ना? ऊन चढतंय," मागून आवाज आला.

हा इंजिनिअर पेसेन्ती, बेर्गामोचा. सकाळी भेटल्याभेटल्या त्यानं स्वतःच्या नावाआधी इंजिनिअर लावलं होतं आणि बायकोची ओळख करून देताना तिचं नाव सांगायचं विसरला होता. "मी पिएरा," असं तिनंच मग सांगितलं. दोनातेल्लानं मोबाईल पिशवीत टाकला, तर तो आतल्याआत गुरगुरला. गुरगुरू दे मेल्याला.

गळ्यातल्या डबीचं बटण दाबलं की तिचा आवाज डझनभर पाहुण्यांच्या कानांत थेट जायचा. ओरडावं लागू नये, घसा राहावा, म्हणून तर ही सोय. पण इंजिनिअरसाहेबांनी एका कानात तिचा आवाज घेतला होता आणि तोंडानं स्वतःचा चालू ठेवला होता. पहिला थांबा गॅरेजच्या मागे – रोमन जलवाहिनीचा एक एकटा खांब, त्याला टेकून टायरांची चळत, टायरांवर झोपलेलं मांजर. दर शनिवारी ती इथे माणसं आणते, आणि दर शनिवारी कुणीतरी विचारतंच –

"एवढंच?"

आज लाल टोपीवालीनं विचारलं. ज्यांना मोठं काही बघायचंय त्यांनी जावं ना कोलोसियमला, उभं राहावं रांगेत, खावेत धक्के! 'कुणाला माहीत नसलेलं रोम' अशी ठळक अक्षरं वाचून हौसेनं येतात, आणि आल्यावर त्यांची तक्रार काय, तर हे कुणालाच कसं माहीत नाही. तिनं हसून मान डोलावली. या हसण्याचे पैसे वेगळे मिळायला हवेत.

"हो, एवढाच उरलाय. हा खांब पहिल्या शतकातल्या एका मोठ्या –"

"दुरुस्तीतला," इंजिनिअर म्हणाला. "विटांच्या जाडीवरून कळतं."

बरोबर होतं. संताप त्याचाच तर येतो. चुकला असता तर गोड बोलून दुरुस्त करता आलं असतं. बरोबर माणसाचं काय करायचं? तिचा नवरा, एल्वियो, तोही कधी चुकायचा नाही. जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी तिच्या घोळक्याच्या शेवटी येऊन उभा राहायला लागला, हात मागे बांधून, उन्हातसुद्धा जाकीट घालून. ती वाक्याच्या मध्यावर आली की पाठीमागून उरलेलं वाक्य यायचं – शांतपणे, न खाकरता, जणू काही ते तिनं तिथेच ठेवलेलं होतं. लोकांना वाटायचं, काय छान जोडी आहे! जाताना सगळे त्याच्याशी हात मिळवायचे. परतीच्या बसमध्ये तो म्हणायचा, आज चांगलं झालं हं तुझं. भाजी तिची, आपण आपलं मीठ तेवढं घातलं, अशा विनयानं.

वाईट नव्हता – आता हे तरी ती कुणाला सांगणार? वाईट असता तर किती सोपं झालं असतं. प्यायचा, हात उगारायचा, बाहेर भानगडी होत्या, असं काही असतं तर मिरेल्लासुद्धा समजून गेली असती, भाऊ असला तरी. पण दोनातेल्लाच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात रात्री उठायचा तोच. स्वतःच्या दुखण्यात तर कण्हलाही नाही. आणि तो गेला तेव्हा मी रडले... खोटं नव्हे, बरगड्या दुखेपर्यंत रडले, अजूनही कधी कॉफी दोन कपांची चढवते आणि मग उभीच्या उभी दोन्ही कप पिऊन टाकते. पण म्हणून कायमचं त्याच्या शेजारी? शेवटी तरी जरा हातपाय पसरून –

ती जागा त्यानंच घेऊन ठेवली होती. एका दुपारी तिला न सांगता दफनभूमीत घेऊन गेला, भिंतीतल्या थडग्यांच्या चौथ्या रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बघ, तुझ्यासाठीही घेतलीय." नवा फ्रिज आला तेव्हा दार उघडून आतला दिवा दाखवताना त्याचा जो चेहरा झाला होता, तोच चेहरा. दोघांच्या मापाचा खण. फुलं ठेवायची तर चाकाची शिडी ओढत आणायची आणि वर चढायचं. ती 'छान आहे' म्हणाली होती. फ्रिजलाही तेच म्हणाली होती. नवरा कौतुकानं काही दाखवतो तेव्हा माणूस दुसरं काय म्हणतं?

दुसऱ्या थांब्यावर घोळका नळावर पाणी प्यायला थांबला तेव्हा पिशवी पुन्हा गुरगुरू लागली. तिनं डबीचं बटण बंद केलं, दोनदा तपासलं आणि फोन घेतला.

"अगं, पाहिलास का फोटो?" मिरेल्ला ओरडत होती, तिच्यामागे दगड कापायच्या करवतीचा आवाज. "मी त्याच्या कारखान्यातच उभी आहे. दगड टेबलावर चढवलाय. एकदा भिंतीत बसवला की पुन्हा उतरवायचा म्हणजे परवानग्या, माणसं, सतरा भानगडी. एका दमात होऊन जाऊ दे ना."

"मिरेल्ला, मी कामावर आहे गं."

"मग? हो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो?"

"डोळा मिटलाय माझा त्यात."

"इतक्या वर कोण बघायला येतंय! आणि एल्वियोला तू तश्शीच आवडायचीस. बरं ऐक, तो विचारतोय, माहेरचं आडनाव आधी की आमचं?"

"मी करते फोन."

डोळा मिटलाय! एवढं थोरलं 'नाही' घशात अडकलेलं आणि तोंडातून निघालं काय, तर डोळा! आता मिरेल्ला दुसरा फोटो शोधेल, दोन्ही डोळे टक्क उघडे असलेला, आणि मग काय सांगणार? दात? तिला स्वतःचाच इतका राग आला की लाल टोपीवालीनं जवळपास स्वच्छतागृह आहे का असं विचारल्यावर तिनं नुसतंच समोर बोट दाखवलं, आणि समोर चर्च होतं.

शेवटचा थांबा एका साध्या सहा मजली इमारतीच्या तळघरात. किल्ली पहारेकरणीकडे, पहारेकरीण नेहमीसारखी भाजी आणायला गेलेली, घोळका नेहमीसारखा वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी खिडकी उघडली.

"आणलीत पुन्हा माणसं मेलेल्यांच्या घरी? माझ्या चादरींवर धूळ बसते सगळी!"

"पाचच मिनिटं, आजी."

"मेलेल्यांना कसली घाई? घाई आमच्या चादरींना!"

अखेर किल्ली आली. सायकली, जुने स्टोव्ह, कुणाच्या तरी वाईनच्या बाटल्या, त्यांच्यामागे लोखंडी दार आणि खाली जाणारा अरुंद जिना. खाली भिंतभर कोनाडे, कबुतरखान्यासारखे, आणि प्रत्येक कोनाड्यात गळ्यापर्यंत पुरलेली दोन मडकी, राखेसाठी. इथे आल्यावर मात्र 'एवढंच' कुणी म्हणत नाही. सगळे आपोआप हळू बोलायला लागतात, इंजिनिअर सोडून. दोनातेल्लानं विजेरीचा झोत डावीकडच्या कोनाड्यावर टाकला. हा फिलोमुसुस, अत्तरं विकायचा, गुलामगिरीतून सुटलेला. त्याच्या शेजारी त्याची बायको ख्रेस्ते, आणि तिच्या नावाआधी कोरलेला हा एक व्ही. म्हणजे 'जिवंत आहे'. पाटी लावली तेव्हा नवरा गेलेला होता आणि ही अजून –

"जिवंत," इंजिनिअर म्हणाला.

"जिवंत," तिनं दातांवर दात दाबून म्हटलं. "पण गंमत पुढेच आहे. खोदकाम झालं तेव्हा हे दुसरं मडकं कोरं सापडलं. राख नाही, हाड नाही. तिला इथे आणलंच नाही कधी."

या जागी एल्वियोचा विनोद असायचा. "बाजारात म्हणून गेली, अजून यायचीय!" – मागून, त्या शांत आवाजात, आणि सगळं तळघर हसायचं. तो गेल्यापासून तो विनोद ती स्वतः सांगते, दर शनिवारी, अगदी त्याच जागी थांबून. तिनं तोंड उघडलं. विनोद आला नाही.

"मग ही गेली कुठे?" पिएरानं विचारलं. तिचा चेहरा अगदी त्या कोनाड्याजवळ गेला होता.

"दुसऱ्या कुणाचा हात धरला असणार," इंजिनिअर म्हणाला. "नाहीतर भिकेला लागून मेली. दोनच शक्यता."

लोक हसले. लाल टोपी सर्वांत जास्त हसली.

"दोनच?" दोनातेल्ला म्हणाली. आवाज डबीतून इतका जोरात गेला की एक-दोघांनी कानातली बोंडं उपटली. "दुसऱ्याबरोबर, नाहीतर भिकेला! बाई या मडक्यात नाही म्हणजे तिचं काहीतरी वाकडंच झालेलं असायला हवं का, इंजिनिअरसाहेब? समुद्राकाठी राहायला गेली असेल. बहिणीकडे गेली असेल. अत्तरांचं दुकान चालवलं असेल तिनं, त्याच्यापेक्षा चांगलं! म्हातारी होऊन एखाद्या दुपारी झोपेत गेली असेल आणि जिथे गेली तिथल्यांनी तिला तिथेच ठेवली असेल. नवऱ्यावर प्रेम नव्हतं असं लिहिलंय का कुठे? दाखवा मला. नाव लावू दिलं तिनं. लावू दिलं आणि... आली नाही."

"पण तसा पुरावा –"

"अरे, ऐकून तर घे जरा!" पिएरा नवऱ्याला म्हणाली.

तिनं विजेरी खाली केली. असं बोलायचं नसतं. एवढ्या वर्षांत ती कधी असं बोलली नव्हती, कुणाही पाहुण्याशी. एल्वियो म्हणाला असता, यातून सिद्ध काहीच होत नाही, दोनातेल्ला... आणि तिच्या लक्षात आलं की आपण लोकांच्या डोक्यांवरून मागे बघतो आहोत, जिन्यापाशी, जिथे त्याचं जाकीट दिसायला हवं तिथे. नव्हतं. मग कुणाशी भांडले मी? आणि कुणासाठी? या अत्तरवालीनं मला काय वकीलपत्र दिलंय?

पण युक्ती बरी आहे की, तिला वाटलं. हो म्हणून टाकायचं. कोरू द्यायचं नाव, बसू दे तो अर्ध्या डोळ्याचा फोटो, मिरेल्ला खूश, मेलेला खूश. आणि जायचंच नाही तिथे. क्षणभर तिला हायसं वाटलं... मग दिसलं, की पुढे कधीतरी असाच कुणीतरी माणसं घेऊन येऊन शिडीवर चढलाय, खाली डझनभर माणसं, आणि विचारतायत, नवरा इथे, मग बायको कुठे? आणि त्यांच्यात एक इंजिनिअर आहेच. तो असणारच. नाव लावलं की माणूस सापडला नाही तरी त्याला शोधत राहतात, आणि शोधतात ते नवऱ्याच्या शेजारीच. नाही. नाव नाही, सालही नाही.

वर आल्यावर लोकांनी हात मिळवले, कानातली बोंडं परत केली. इंजिनिअरनं जाताजाता सांगितलं की जिन्याचा उतार धोकादायक आहे. पिएरा मागे रेंगाळली. "तुम्ही सांगितलंत ते मला आवडलं," ती म्हणाली. "खरं आहे की नाही ते मात्र सांगू नका," आणि नवऱ्यामागे भरभर निघून गेली.

फोन आता थांबतच नव्हता.

"काय गं, हत्यार हातात घेऊन ताटकळलाय तो. कोरू ना?"

"नको."

"दुसरा फोटो देतेस?"

"फोटो नको आणि नावही नको. एल्वियोचं एकट्याचं कोरू दे."

फोनमधला करवतीचा आवाज थांबला. "भांडण झालं होतं का तुमचं शेवटी?"

"नाही गं."

"मग काय वाकडं केलं होतं माझ्या भावानं तुझं?"

"काही नाही. चांगला होता. तुला माहीत आहे."

"मग?"

दोनातेल्लाला वाटलं, आता काहीतरी सुचेल. तळघरात कसं भराभरा सुचलं होतं, समुद्र, बहीण, दुकान. तिला बहीण नव्हती. समुद्र तिला मानवायचा नाही.

"बरं, तिथे नको तर नको," मिरेल्ला म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला होता, तरी कामाचं विचारायचं ती विसरली नाही. "मी थांबवते त्याला जेवणापर्यंत. पण मला एक सांग, मग तुला ठेवायचं कुठे?"

दोनातेल्लानं नेहमीचा राग शोधला. सकाळपासून तो हाताशी होता, कुणावरही टाकता येत होता, मिरेल्लावर, इंजिनिअरवर, लाल टोपीवर, त्या बिचाऱ्या फ्रिजवर. आणि आता नेमका हवा तेव्हा नव्हता. त्या जागी भीती होती, साधी. कुठे ठेवायचं, हे मेल्यावरचं राहू दे – पुढच्या शनिवारी, उद्या दुपारी, आत्ता या दारातून बाहेर पडल्यावर आपण कुठे असायचं, हेसुद्धा आपण कधी स्वतःहून ठरवलेलं नाही, असं तिला दिसलं. मागून उत्तर येईल म्हणून ती थोडी थांबली. वरच्या चादरी तेवढ्या फडफडल्या.

"माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य तिनं कामावर कधी वापरलेलं नव्हतं. ऐकायला बरं वाटलं, म्हणून तिनं ते पुन्हा म्हटलं, हळू, मागून कुणी पुरं न करता, शेवटच्या शब्दापर्यंत, "मला खरंच माहीत नाही, मिरेल्ला," – आणि भीती होती तशीच होती, फक्त ती आता कुणाबरोबर वाटून घ्यावी असं तिला वाटत नव्हतं.