पाण्यात आधी कोण?

रूपसिंग राठोडांच्या ओसरीवर चहा निवत चालला होता आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं. येत्या रविवारी बाप्तिस्मा होता. रूपसिंगची लेक सुरभी नदीच्या पाण्यात उतरणार होती. तिला सून करून घ्यायला तयार झालेले पांढरकवड्याचे पाहुणे ते पाहायला येणार होते. सगळं ठरलं होतं. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर, की पाण्यात आधी कोण उतरणार?

मारेगावजवळच्या या छोट्या बाप्टिस्ट मंडळीचे पाळक भीमराज वाघमारे यांची रीत जुनी होती. वयानं मोठं ते आधी. या खेपेला दोघीच होत्या आणि त्यात मोठी होती सत्यभामाबाई. ती कचरागाडीवर कामाला जायची. तिची जात मी इथं लिहीत नाही. लिहिली की वाचणारा तेवढीच लक्षात ठेवतो, हा आपला सगळ्यांचाच अनुभव आहे.

"पास्टरजी, तिले मागून घ्या," रूपसिंग म्हणाले. ते मंडळीचे पंच. चर्चचं छप्परही त्यांच्याच खटपटीनं उभं राहिलेलं. "नाही तर पुढच्या महिन्यात घ्या. तिच्या मागून माही पोट्टी त्याच पाण्यात उतरली, असं पाहुणे गावभर सांगत फिरतीन."

"नदी वाहती आहे, रूपसिंगभाऊ. सत्यभामाबाईच्या अंगावरचं पाणी सुरभी येईस्तोवर पुढच्या गावाले पोचते. मंग कोणतं पाणी बाटलं म्हणता?"

"थट्टा नका करू. मंडळीचे हात माह्या संग आहेत, हे ध्यानात ठेवा."

"ठेवलं. पण एक सांगा. गावात चोरी झाली का शिपाई पयले तुमच्या तांड्यात येत. तुमच्या बापाले चौकीवर बसवून ठेवत, हे तुमीच मले सांगितलं. तवा तुमाले जे झोंबलं, तेच आज त्या बाईले कायले देऊन राह्यले?"

रूपसिंग उठून आत गेले.

हात संग असणं ही साधी धमकी नव्हती. बाप्टिस्ट मंडळीत वरून कुणी हुकूम सोडत नाही. पाळक ठेवायचा की काढायचा, हे मंडळीच हात वर करून ठरवते. भीमराजांचं वय साठीकडे झुकलेलं, चर्चमागच्या दोन खोल्या हेच त्यांचं घर. भीती त्यांनाही वाटली. पण बुधवारच्या प्रार्थनेला त्यांनी ओसरीवरचं सगळं बोलणं उघड सांगून टाकलं.

"जे घरात कुजबुजता, ते इथं मोठ्यानं बोला," ते म्हणाले.

रूपसिंग बोलले, चांगले मोठ्यानं बोलले. मग हात वर झाले. क्रम बदला, नाही तर महिनाअखेर जागा सोडा, असं मंडळीनं ठरवलं. जे रविवारी एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत, त्यांचेच ते हात होते. लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती, पण लाजलं कुणी नाही.

"पाळक कोण, हे ठरवाचा हक्क तुमचा," भीमराज शांतपणे म्हणाले. "पण देवापुढं कोण मागं उभं राहीन, हे ठरवाचा हक्क तुमाले कोणं देला? महिनाअखेरपर्यंत मी पाळक आहो. रविवारी सत्यभामाबाईच पयल्या."

रविवारी नदीकाठी सगळे जमले. पाहुणेही आले. सत्यभामाबाई पांढरं लुगडं नेसून एका बाजूला उभी होती. तिनं पाळकांना हळूच हाक मारली. "पास्टरजी, माह्यापायी तुमचं घर जाऊन राह्यलं. मले मागंच राहू द्या."

"घर दुसरं भेटते, बाई. आज तुमी मागं सरल्या तर उद्या मी प्रवचन कोणत्या तोंडानं देऊ? चला."

ते कमरेएवढ्या पाण्यात गेले. सत्यभामाबाईनं आपला विश्वास आपल्या तोंडानं सांगितला, भीमराजांनी तिला पाण्यात बुडवून वर काढलं. मग त्यांनी सुरभीला हाक मारली.

"ती येणार नाही," रूपसिंग काठावरून म्हणाले. "नवे पास्टर आल्यावर पाहू."

"लहान लेकराले आपण बाप्तिस्मा काहून देत नाही, भाऊ?" भीमराजांचा आवाज चढला. "बापाचा होकार इथं चालत नाही म्हणून. मंग बापाचा नकार कसा चालते? पोरीले बोलू द्या."

सगळे सुरभीकडे पाहू लागले. "बा, हे माहं मन आहे," ती म्हणाली. "आन् मावशीच्या मागूनच."

आणि सुरभी पाण्यात उतरली!

दगडावरून तिचा पाय घसरला. बाहेर येत असलेल्या सत्यभामाबाईनं पटकन तिचा दंड धरला, आणि लगेच चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तिनं घाबरून रूपसिंगकडे पाहिलं. चुकून शिवले, माफ करा, असं ते डोळे सांगत होते. रूपसिंग आतून हलले. असे डोळे त्यांनी चौकीबाहेर पाहिले होते, स्वतःच्या बापाचे. आता तसे डोळे त्यांनाच घाबरले होते.

सुरभीनं तो मागे गेलेला हात पुन्हा ओढून धरला. रूपसिंग चपलांसकट पाण्यात शिरले आणि सत्यभामाबाईपुढे त्यांनी हात केला. "या बाई, घसरण आहे."

बाप्तिस्मा झाल्यावर ते पाळकांजवळ आले. "माहं चुकलं, पास्टरजी."

"मले नका सांगू. बुधवारी जिथं उभं राहून बोलले, तिथंच उभं राहून बोला. सत्यभामाबाई समोर बसल्या असतीन तवा."

पुढच्या रविवारी रूपसिंग बोलले. सत्यभामाबाईसमोर उभं राहून पूर्ण बोलले. पुन्हा हात वर झाले आणि भीमराज राहिले. काही हात मात्र खालीच होते, आणि ती घरं नंतर चर्चला आली नाहीत. पांढरकवड्याहूनही निरोप आला नाही. सुरभीची आई जमनी दोन दिवस रडली. सुरभी म्हणाली, "याडी, लगनाआधी कळलं हे बरं झालं."

वाचकहो, ही गोष्ट ख्रिस्ती मंडळीची आहे म्हणून बाजूला सारू नका. आपण प्रार्थना बदलतो, नावं बदलतो, देवाचं दार बदलतो आणि जुनी रांग उचलून नव्या दाराशी लावतो. ज्याला पुढची जागा मिळाली आहे, त्यानंच ती रांग मोडायची असते, आणि किंमत पडली तर ती भरायची असते. तुमच्या मांडवात, देवळात, विहारात किंवा चर्चमध्ये कुणी कुणाला मागं सरकवू लागलं, तर खाली मान घालून बसू नका. उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, काहून?