शहाण्णववर थांबलेला पारा

त्या सकाळी घरी एका आजारी बाईचा ताप घेतला, तेव्हा माझ्यावरचा आकडा शहाण्णव होता. त्यानंतर थोड्याच वेळात, गल्लीच्या टोकाला असलेल्या दवाखान्यातल्या तापमापकावर त्याच बाईचा ताप एकशे तीन भरला. दोन्ही तापमापक चांगले होते.

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा तापमापक आहे. कारखान्यात मला ओतले, माझ्या काचेवर रेघा कोरल्या आणि पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली. मुखेडच्या व्यंकटरावांनी मला विकत घेतले. ते आरोग्य खात्यात होते. त्यांच्या खिशात बसून, सायकलवरून, मी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर फिरलो. माझ्या आकड्यावर त्यांनी कित्येकांना गोळ्या दिल्या आणि कित्येकांना नांदेडला पाठवले. लोक त्यांना ‘थर्मामीटरवाले दादा’ म्हणत, तेव्हा त्या नावात माझाही वाटा आहे असे मला वाटे. व्यंकटराव गेले आणि मी कपाटातल्या खणात, सुटी बटणे आणि जुन्या चाव्यांच्या सोबतीला गेलो. तिथे मला कोणी विचारले नाही. तक्रार नाही, घरात ताप नसणे ही काही वाईट गोष्ट नव्हे.

मग त्यांची सून लुंबिनी आजारी पडली. तिच्या स्तनात गाठ निघाली आणि लातूरच्या एका रुग्णालयात तिची केमोथेरपी सुरू झाली. हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. कर्करोगाची पेशी कोणती आणि हाडांच्या मगजात तयार होणारी रक्ताची पेशी कोणती, एवढा भेद त्याला करता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि काही दिवसांनी पुन्हा भरतात. मधल्या काळात शरीर जंतूंपुढे उघडे असते. घसा दुखतो, पण फारसा लाल होत नाही. जखमेत पू धरत नाही. कारण लाली आणि पू ही पांढऱ्या पेशींच्याच कामाची चिन्हे आहेत. बहुधा एकच खूण उरते : ताप.

डॉक्टरांनी लुंबिनीचा नवरा आनंदराज याला बजावले होते, “शंभर पॉइंट चारच्या वर गेला, की थांबायचं नाही. असाल तसे निघा.”

घरी आल्यावर सासूने, नागुबाईंनी, विचारले, “पेशी म्हंजे कोर्टाची तारीख ना रे? हिच्या कशाच्या पेशी कमी झाल्या?”

“चांगलंच की मग, आत्याबाई,” लुंबिनी म्हणाली. “कोर्टाच्या चकरा वाचल्या.”

ती हसली, आणि तोंडातल्या फोडांमुळे तिला लगेच ओठ मिटावे लागले.

आनंदराज आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो. नवा तापमापक घ्यावा असे नागुबाईंनी सुचवले, तेव्हा तो म्हणाला, “सेलवाल्याचा भरवसा न्हाई, माय. पारा खोटं बोलत नसतो.” असे म्हणून त्याने मला खणातून काढले. इतक्या वर्षांनी कोणी माझ्याबद्दल चांगले बोलले होते.

सुरुवातीच्या खेपा सुरळीत गेल्या. चौथ्या खेपेनंतर पेशी फारच उतरल्या. लुंबिनीला आतल्या खोलीत एकटे ठेवले. शाळेतल्या मुलांकडून आनंदराजला सर्दी लागली होती, म्हणून तोही तोंडाला फडके बांधून उंबऱ्याबाहेरच थांबे. आत जायचे ते फक्त नागुबाईंनी. पाणी उकळून गार केलेले, भाकरी गरम, कच्ची कोशिंबीर बंद, फुले बंद, भेटायला येणारे बंद.

शेजारच्या नागम्माला हे पटत नव्हते. निलंग्याची द्राक्षे पदराखाली घेऊन ती दारात उभी राहिली. “बघू बी देत न्हाईत. काय सोनं ठेवलंय का आत?”

“सोनंच हाय,” नागुबाई म्हणाल्या. “द्राक्षं तूच खा, आन् पुढच्या महिन्यात ये.”

नागुबाईंना अक्षरओळख नाही. त्या मला लुंबिनीच्या जिभेखाली ठेवत, त्रिसरण-पंचशील म्हणून होईपर्यंत थांबत, आणि मग उंबऱ्यावर येऊन मुलाच्या हातात देत. आकडा तो वाचे. कधी शहाण्णव, कधी त्याहून थोडा कमी.

“ऐका ना,” एका संध्याकाळी लुंबिनी आतून म्हणाली, “मला हुडहुडी भरून राहिली.”

“शहाण्णव आहे, लुंबिनी. रक्त कमी आहे अंगात, म्हणून वाजत असेल थंडी.”

“मग माझं चुकून राहिलं, का तुमच्या पाऱ्याचं?”

“पाऱ्याचं चुकत नाही.”

“हाव. बायकोचंच चुकतंय नेहमी.”

तिने दुसरी गोधडी ओढून घेतली. मित्रांनो, मला वाचा नाही. ज्या रेघेवर मला ठेवाल, ती रेघ मी दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे बोलणे अडखळू लागले. आनंदराजने मला पाहिले, शहाण्णव वाचले, आणि तरीही तिला उचलून दवाखान्यात नेले. तिथला एकशे तीनचा आकडा मी आरंभी सांगितला आहे. तिथून जीपने लातूर. लातूरला डॉक्टरांनी जे करता येते ते सर्व केले. रक्तात जंतू पसरले होते आणि रक्तदाब वर येत नव्हता. लुंबिनी परत आली नाही.

जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले. “तिचं तेवढंच आयुष्य होतं,” असे बरेच जण म्हणाले. आनंदराजला ते उत्तर वाटले नाही. मी बिघडलो असेन, असे त्याने गृहीत धरले. एक नवा तापमापक आणून त्याने आम्हा दोघांना एकाच कोमट पाण्यात धरले. आकडे जुळले. मला स्वतःच्या तोंडात धरले. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बरोबर होते.

तेव्हा त्याने आईला बोलावले. “माय, तू कसा घेत होतीस ताप, ते करून दाखव. माझ्याच तोंडात लाव.”

नागुबाईंनी मला त्याच्या जिभेखाली ठेवले. त्रिसरण-पंचशील झाले. मला बाहेर काढून त्या वळल्या, उकळून गार केलेले पाणी माझ्यावर ओतले, धुतलेल्या कोथिंबिरीची जुडी झटकावी तसे मनगटाने मला दोनदा जोरात झटकले, स्वच्छ फडक्याने पुसले आणि त्याच्या हातात दिले. शहाण्णव.

“हे धुतलंस का, माय?”

“उष्टं कसं देऊ तुझ्या हातात? डाक्टरच म्हनले, धुतल्याबिगर काय बी आतबाहेर करायचं न्हाई. तुझे बाबा बी धुऊन, झटकूनच ठेवायचे.”

“धुवायच्या आधी काय करायचे बाबा?”

त्यांनी आठवून पाहिले. “उजेडात धरून बघायचे. कुठं घाण लागली का म्हनून.” मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “का रे? चुकलं का माझं?”

आनंदराजने मला खाली ठेवले. “न्हाई, माय,” तो म्हणाला. “वाचायचं काम माझं होतं.”

मित्रांनो, माझ्या फुग्याच्या वर नळी एका जागी चिमटलेली असते. पारा तिच्यातून वर चढतो, पण आपण होऊन परत येत नाही. तो झटकल्यावरच उतरतो. म्हणून मला बाहेर काढताच, रोग्याच्या उशाशीच, आधी वाचा. धुणे आणि झटकणे त्यानंतर. वाचता येत नसेल, तर वाचणाऱ्याच्या हातात मला उष्टाच द्या.

लुंबिनीला ताप होता. प्रत्येक वेळी मी तो दाखवला होता. वाचण्याआधी मला झटकले गेले.