काळ्या काठाची कोंबडी

मित्रांनो, मी एक जुनी, थकलेली कोंबडी आहे. आता सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझा तुरा गळून पडो!

माझा जन्म एका शिंप्याच्या परसातला. पांढरी शुभ्र पिसं आणि प्रत्येक पिसाला बारीक काळा काठ, अशी आमची जात. प्रदर्शनात बक्षीस मिळतं ते या काठाला. म्हणून पिल्लं मोठी झाली की शिंपी एकेकीला मांडीवर घ्यायचा, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचा आणि पीस न् पीस तपासायचा. काठ जरा फिसकटला की रवानगी खाटकाकडे. माझ्या पाच बहिणी तशाच गेल्या. धाकटीच्या मानेवर एकच पीस कोरं होतं. एकच हो!

मी मात्र बिनचूक निघाले. प्रदर्शनात माझी पिसं अशी लखलखली, की परीक्षकाने माझ्या पाठीत बघून मिशी विंचरली. पहिलं बक्षीस!

घरी आल्यावर शिंप्याने माझी जोडी लावली, ती माझ्याच सख्ख्या भावाशी. चार पिढ्या हेच चाललेलं. शिंपीण तडकली.

"अहो, दूधवाल्याकडचा कोंबडा आणा की. कसा धडधाकट आहे!"

"तो? ठिपक्यांचं गाठोडं! सगळा काठ बिघडेल."

"सांभाळा काठ. एक दिवस कापडच संपेल."

"तुला काय कळतंय यातलं?"

"एवढं कळतं, की मागच्या खेपेला हिच्या आईच्या बारा अंड्यांतून एकच पिल्लू निघालं."

मी नऊ अंड्यांवर बसले. आठवड्याने शिंप्याने एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. जिवंत अंड्यात लाल दोऱ्यांचं जाळं दिसतं. आणि दोरा ओळखण्यात त्याचा हात कोण धरणार? पण तिथे दोराच नव्हता. त्याने अंडी तशीच परत माझ्या पोटाखाली सारली. मीही उठले नाही.

एकविसाव्या दिवशी एका अंड्यातून टकटक ऐकू आली. पिल्लू बाहेर आलं, मानेवर कोरा डाग घेऊन. अगदी धाकटीसारखं! शिंप्याने ते गालाला लावलं. म्हणाला, "असू दे डाग. जगू दे."

पुढे भाऊ मेला. दूधवाल्याचा ठिपक्यांचा कोंबडाही आला शेवटी, पण तोवर माझं अंडं घालणं थांबलं होतं. आता एवढ्या मोठ्या खुराड्यात मी एकटी. शिंपी रोज दाणे टाकतो, पण माझ्या पिसांकडे बघत नाही.

मित्रांनो, पिसांवर माया करा, पण आधी पिसांच्या आतल्या जिवावर करा. डागासकट करा.

काय म्हणता, मी एकटी तर ते पिल्लू कुठे गेलं?

बरं बाई, तुऱ्याची शपथ घेतलीय, सांगते. मिशी विंचरली ते अगदी खरं. पिल्लू तेवढं माझ्या पदरचं.