घर दोन किलोमीटर नऊशे मीटरवर

कांदिवली पश्चिमेला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर हृदयाच्या रुग्णांना व्यायाम देणारं केंद्र आहे. तिथे तीन ट्रेडमिल आहेत. खिडकीकडच्या ट्रेडमिलला मोठा पडदा आहे आणि त्यावर धावण्याचे रस्ते दिसतात. नॉर्वेतलं जंगल, कुठल्याशा बेटाचा किनारा, गोठलेलं सरोवर. जूनमध्ये मशीनच्या कंपनीने त्यात चार भारतीय रस्ते घातले. एकाचं नाव 'कोकण रिव्हर व्हॅली', लांबी सात किलोमीटर चारशे मीटर.

वनमालाबाई परब शेजारच्या मशीनवर चालत होत्या तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. खिडकीकडच्या मशीनवर एक निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांच्या पडद्यावर हायवेचा पूल आला, पुलाखालून नदीच्या काठाने उतरणारा तांबडा रस्ता आला, मग एसटीचा थांबा आणि त्यामागची जांभ्याची शाळा. वनमालाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. त्यातली पहिली एकवीस त्यांनी याच रस्त्याने ये-जा केली होती. पुढच्या वेळी त्यांनी खिडकीकडचं मशीन मागितलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, त्यांची बायपास झाली. गुरुवारी गावी त्यांचा धाकटा भाऊ दादू शेतात पडला आणि गेला. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवस. ते तिन्ही दिवस त्या आयसीयूत होत्या, त्यामुळे सुतक त्यांना न कळताच फिटलं. मुलगा प्रीतम याने सोळाव्या दिवशी, चारकोपच्या घरी, सोफ्यावर बसवून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर हार्टला सोसलं नसतं, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. वनमालाबाईंनी ऐकलं, उठून डोक्यावरून आंघोळ केली आणि विचारलं, तेराव्याला कोण गेलं होतं. कोणी गेलं नव्हतं. सगळे हॉस्पिटलात होते.

दादूशी त्यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. घर आणि खालची शेती एकट्याच्या नावावर करायला त्याला बहिणीची सही हवी होती. वनमालाबाईंची हरकत नव्हती. पण त्याने कागद एका एजंटाच्या हातून पाठवला, स्वतः आला नाही. त्यांनी कागद तसाच परत पाठवला. त्या वर्षी त्या गणपतीला गेल्या तेव्हा दादू बेड्यापाशी उभा होता. अंगणाभोवती दगडांचा गडगा आणि गडग्याच्या मोकळ्या जागेत आडवे सरकवायचे पाच बांबू, ते बेडं. त्याने बांबू काढले नाहीत. "सही केल्याशिवाय ह्या बेड्याच्या आत पाय घालूचो नाय," तो म्हणाला. वनमालाबाई पिशव्या घेऊन तशाच मागे फिरल्या आणि त्याच दिवशीच्या एसटीने मुंबईला आल्या. सहीचा विषय दोघांपैकी कोणीच पुन्हा काढला नाही.

आता ती वाट त्यांच्यासमोर आठवड्यातून तीनदा उघडत होती. सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी साडेसात.

मशीनचा नियम साधा होता. चित्र पावलांबरोबर सरकतं. तुम्ही हळू तर चित्र हळू, तुम्ही थांबलात तर चित्र थांबतं, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा चालला नाहीत तर पडदा पुलावर परत जातो. पुढचं थेट पाहता येतं का, हे वनमालाबाईंनी सहज म्हणून विचारलं होतं. फिजिओथेरपिस्ट तेजल म्हणाली, "हे यूट्यूब नाही काकू, इकडे चालूनच पोचायचं." प्रीतमलाही त्यांनी फोनवर शोधायला लावलं, कारण न सांगता. ती फिल्म कंपनीच्या मशीनबाहेर कुठेच नव्हती.

त्यांना ताशी तीन पूर्णांक दोन किलोमीटरचा वेग आणि वीस मिनिटं मंजूर होती. एवढ्यात एक किलोमीटर आणि वर सत्तर-एक मीटर होतात. सातशे मीटरवर देवळाची कमान यायची आणि कमानीवर जत्रेचा बॅनर. बॅनरवर यंदाच्या जानेवारीची तारीख होती. ती वाचली त्या दिवशी वेग तोच असताना वनमालाबाईंची नाडी वाढली होती, आणि तेजलने त्यांना नाश्त्याला काय खाल्लं ते विचारलं होतं. जानेवारीत दादू होता. सकाळच्या वेळी तो अंगणात नाहीतर बेड्यापाशीच असायचा. फिल्म सकाळची होती, हे माडांच्या सावल्यांवरून दिसत होतं.

रस्ता दादूच्या अंगणातून जायचा. नदीकाठ तिथे तुटलेला आहे, त्यामुळे समुद्राकडे जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या अंगणातूनच जातो, पूर्वीपासून. पुलापासून बेड्यापर्यंत अंतर दोन किलोमीटर नऊशे मीटर. हे त्यांनी प्रीतमच्या फोनवरच्या नकाशात मोजून घेतलं.

मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचला. छत्तीस सत्रं, बारा आठवडे. शेवटच्या आठवड्यात तीस मिनिटं, साडेचारचा वेग. सव्वादोन किलोमीटर. म्हणजे सगळा कोर्स नीट पार पडला, एकही दिवस चुकला नाही, तरी घर साडेसहाशे मीटर पुढेच राहणार होतं.

घरी सांगण्यात अर्थ नव्हता. तीन महिने प्रवास बंद होता. नंतर प्रीतमने गाडी काढली असती, तरी उतरायचं दादूच्या बायकोच्या, चंपाच्या दारात. तिथे आता दादूचा फोटो असणार, आणि पाय घालू नको म्हणणारा माणूसच नाही म्हटल्यावर आत जायची परवानगी कोणाला मागायची, हे वनमालाबाईंना सुचत नव्हतं.

पाचव्या आठवड्यातल्या बुधवारी तेजल एका नवीन पेशंटचं बीपी घेण्यात गुंतली होती. वनमालाबाईंनी वेग तीन-आठ केला. शाळा गेली. मग चार-सहा. पट्टा पायाखालून ओढायला लागला, त्यांनी दोन्ही बाजूंचे दांडे धरले. रस्ता नदीच्या जवळ आला. पुढे ओढ्यावरचा साकव दिसायला लागला, पूर्वी दोन फळ्यांचा होता, आता सिमेंटचा. बोटाला लावलेली नाडी मोजायची क्लिप वाजायला लागली. आकडा एकशे अठ्ठावीस. त्यांनी क्लिप काढून खिशात घातली.

तेजलने मागून येऊन लाल चावी ओढली. पट्टा थांबला. पडद्यावर साकव तसाच राहिला, आणि तेजल त्यांना खुर्चीत बसवून पाणी पाजेपर्यंत पूल परत आला.

तेजल दहिसरची, सव्वीस वर्षांची. पेशंटवर ओरडायचं नाही असं तिला शिकवलेलं होतं, आणि ती ओरडली नाही. तिने हळू आवाजात सांगितलं की टाके आतून अजून ओले आहेत, इकडे कोणी पडलं तर तिची नोकरी जाईल, आणि ती आता प्रीतमदादाला फोन लावते आहे.

"लाव," वनमालाबाई म्हणाल्या. "पण आधी तू माझं ऐक."

त्यांनी सगळं सांगितलं. कमी शब्दांत, जणू पत्ता सांगत असाव्यात तसं. तेजल मध्ये एकदाच बोलली, अंतर पुन्हा विचारायला.

"दोन-नऊ? काकू, दोन-नऊ मी रोज सकाळी दहिसर नदीच्या रस्त्याला चहाआधी मारते."

"मग?"

"मग काय मग. शनिवारी सातला या. बॅच साडेसातला आहे. आणि क्लिप द्या ती इकडे."

शनिवारी वनमालाबाई पावणेसातलाच जिन्यात उभ्या होत्या. प्रीतमला त्यांनी डॉक्टरांनी लवकर बोलावलंय असं सांगितलं होतं. तेजलने प्लास्टिकची खुर्ची मशीनच्या बाजूला, पडद्याच्या समोर ठेवली, बोटाला क्लिप लावली आणि बजावलं की आकडा शंभराच्या वर गेला तर ती थांबणार. मग ती पट्ट्यावर चढली आणि वेग अकरावर नेला.

पूल, थांबा, शाळा. रोज ज्याला वीस मिनिटं लागत ते सहा मिनिटांत मागे पडलं. साकव गेला. पुढचं वनमालाबाईंनी नऊ वर्षांत पाहिलेलं नव्हतं. नदी रुंद झाली, ओहोटी होती आणि चिखलात तिवरांची मुळं उभी होती. त्या नावं सांगत गेल्या: हे सावंतांचं, हे विकलंय वाटतं, इथे आंबा होता. तेजल धापा टाकत हं हं करत होती. एका ठिकाणी मोबाईलचा टॉवर आला आणि वनमालाबाईंना दोन-तीन क्षण आपण चुकीचा रस्ता बघतोय असं वाटलं. मग उतार आला, आणि उताराच्या टोकाला गडगा दिसला.

"हळू," त्या म्हणाल्या. "आता अगदी हळू."

तेजलने वेग एकवर आणला. ती कसाबसा एकेक पाय टाकत होती, थांबता तर येत नव्हतं. फिल्म धावणाऱ्या माणसाच्या वेगाने काढलेली होती, त्यामुळे पडद्यावरचं सगळं आता दहापट मंद झालं. एक कोंबडी पंख उघडून जमिनीवरून उठली आणि तशीच हवेत राहिली.

दादू बेड्यापाशी होता. बनियन, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा. नऊ वर्षांत तो वाकला होता, बापासारखा. धावत येणाऱ्या माणसाकडे त्याने पाहिलं, म्हणजे कॅमेऱ्याकडे, म्हणजे सरळ वनमालाबाईंकडे. मग त्याचा हात उठायला लागला. तो उठायला फार वेळ लागला. हात वरच्या बांबूवर आला, बांबू सरकला, मग दुसरा, मग तिसरा. तो हसत होता. दात नव्हते फारसे. तोंड उघडलं, मिटलं.

फिल्मला माणसांचा आवाज नव्हता, फक्त मागून भरलेला पक्ष्यांचा.

"काय म्हणतायत ते?" तेजलने विचारलं.

"खयचे तुम्ही, कुठले, म्हणून विचारतोय. कोणी दिसला की तेच विचारायचा."

"तुमचे भाऊ?"

"होय."

"छान वाटतात."

"परक्यांशी छानच होता," वनमालाबाई म्हणाल्या.

बांबू धरलेला दादू पडद्याच्या उजव्या कडेला सरकत गेला. आधी खांद्यावरचा पंचा गेला, मग चेहरा, शेवटी बांबूवरची बोटं. कॅमेरा बेड्यातून आत शिरला. अंगण सारवलेलं होतं, पडवीत कोणीतरी बाई पाठमोरी होती, चंपा असावी. वनमालाबाईंनी तिकडे नीट पाहिलंही नाही. त्या खुर्चीतून पुढे झुकून पडद्याच्या उजव्या कडेकडे पाहत होत्या.

"मागे बघता येतं?"

"नाही हो. पुढेच बघतं ते."

"त्याने बांबू परत घातले की तसेच ठेवले, एवढंच."

तेजलला मघापासून पोटरीत गोळा आला होता. अंगण संपायला अजून एक मिनिट लागलं. समोरच्या गडग्यातून वाट पुन्हा नदीकडे उतरली आणि लांब पाण्याची सपाट पांढरी रेघ दिसली, समुद्राची. ते पाहायला लोक ही वाट निवडत असणार. वनमालाबाईंनी क्लिप काढून तिच्याकडे दिली. आकडा ब्याण्णव होता.

जिन्यात बॅचच्या लोकांचा आवाज आला. तेजल उतरली, घाम पुसला आणि म्हणाली की सोमवारी वेग तीन-चार करू, आणि पुन्हा कधी पाहायचं असेल तर ती धावेल, काही नाही त्यात.

वनमालाबाईंनी मान हलवली. बॅच सुरू झाल्यावर त्या खिडकीकडे गेल्या नाहीत. हॉलच्या टोकाला व्यायामाची सायकल होती, तिच्यासमोर भिंत होती आणि भिंतीवर काही लावलेलं नव्हतं. आजपासून ही, असं त्यांनी तेजलला सांगितलं आणि तिने सीट खाली करून देईपर्यंत त्या हँडलला धरून उभ्या राहिल्या.